पेढीवरची पेटी की शास्त्राची चौकी?
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



नांदेड व लातूर परिसरातील जुन्या घरांत, पेढ्यांत आणि मंदिरांच्या माळ्यांवर एक लाकडी वस्तू अजूनही आढळते : मांडी घालून बसल्यावर पुढ्यात घेता येईल अशी, उतरत्या झाकणाची बैठी पेटी. नव्या पिढीस तिचे प्रयोजन ठाऊक नसते. कोठे तिच्यावर दूरदर्शन संच विराजमान होतो, कोठे तिच्यात पादत्राणे जातात. ती मुळात कशासाठी घडविली गेली, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. ती मुनीमजींची पेटी असेल, तर पूर्वजांच्या सचोटीच्या व्यवहाराची साक्ष होय. शास्त्रवाचनाची चौकी असेल, तर ती ज्ञानोपकरण ठरते आणि तिच्यात जोडे ठेवणे हा जिनवाणीचा अविनय होतो.

उत्तर लाकडावरच लिहिलेले असते. पेढीवरील पेटीत दौत व लेखणी ठेवण्याचे खण असतात, खाचांभोवती शाईचे जुने डाग मुरलेले असतात. आत रोकडीसाठी लहान कप्पे, क्वचित चोरकप्पा, आणि नाणे आत टाकण्याची फट आढळते. निजामी अमलात येथे हाली शिक्का चालत असे. रोजमेळ व खातेवही याच उतारावर लिहिली जाई. हाताच्या घर्षणाने झाकणाची कड गुळगुळीत झालेली असते.

शास्त्राच्या चौकीची लक्षणे निराळी. हस्तलिखिताची पाने सुटी व आडवी लांब असतात. ती घसरू नयेत म्हणून उताराच्या खालच्या कडेस पट्टी ठोकलेली असते. वाचनासाठीच वापरलेल्या चौकीवर शाईचे डाग सहसा नसतात. आतला खण सलग व लांबट असतो, कारण त्यात वेष्टनात बांधलेले ग्रंथ ठेवावयाचे असत. स्वस्तिक किंवा कलश कोरलेला असेल, तरी तेवढ्यावर निर्णय करू नये. ही मंगलचिन्हे पेढीवरही शोभत. कुलूपही निर्णायक नाही, कारण ग्रंथही कुलुपात ठेवले जात.

कित्येकदा दोन्ही खुणा एकत्र सापडतात. पेढीची पेटी पुढे मंदिरास अर्पण झाली असेल, तर दोन्ही प्रयोजने खरी मानून दोन्हींची नोंद करावी.

मात्र लाकूड सर्व काही सांगत नाही. ते कोणत्या घरातून आले, कोण वापरीत असे, हे वृद्धांच्या स्मृतीत असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात माळवदाची घरे कोसळली. ढिगाऱ्यातून निघालेल्या कित्येक वस्तूंचे मूळ घर सांगणारेही उरले नाहीत. याउलट, पाटण येथील वाडी पार्श्वनाथ मंदिरातील कोरीव सागवानी घुमट १९१६ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मायभूमीपासून इतक्या दूर असूनही तो सभामंडपाचा भाग म्हणून ओळखला जातो, कारण त्याचे स्थान नोंदले गेले.

जीर्णोद्धाराच्या वेळी संगमरवर येतो आणि जुने लाकूड भंगारात जाते. ते देण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. रंग अथवा पॉलिश लावण्याआधी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. ज्येष्ठांकडून माहिती लिहून घ्यावी. नंतर ट्रस्टच्या जंगम मालमत्तेच्या नोंदवहीत वस्तूचे माप, खुणा व प्राप्तिस्थान लिहावे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरते व खाजगी व्यक्तीस ती निर्यात करता येत नाही, याचेही भान असावे.

यासाठी वेगळा मुहूर्त शोधण्याचे कारण नाही. दिगंबर बांधव श्रुतपंचमीस व श्वेतांबर बांधव ज्ञानपंचमीस ग्रंथांची पूजा करतात. त्याच दिवशी ग्रंथ ज्यावर ठेवले जात, त्या चौकीचीही धूळ झटकावी. अपरिग्रही धर्मात जुन्या वस्तूंचा मोह नको, हे खरेच. परंतु ज्या वस्तूने ज्ञान धारण केले, तिची ओळख विसरणे हा अपरिग्रह नव्हे.

जय जिनेंद्र.