भाषा तर येतेच, मग शिकायचं काय?

एका श्रोत्याचा मेसेज आलाय. "दादा, बीए झालं. भाषाशास्त्रात एमए करू का? घरचे म्हणतात, भाषा तर येतेच, शिकायचं काय?"

उत्तर आपल्या किनवटच्या बाजारातच आहे. मराठीत पाणी, बंजारा भाषेतही पाणी. पण गोंडीत 'येर', कोलामीत 'ईर' आणि तेलुगूत 'नीळ्ळु'. असं का? कारण पहिल्या दोन इंडो-आर्यन घराण्यातल्या, बाकी तिन्ही द्रविड. भाषा येणं वेगळं आणि ती कशी चालते हे सांगता येणं वेगळं. भाषाशास्त्र दुसरं शिकवतं.

याचा उपयोग काय? कोलामाचं लेकरू पहिलीत गप्प बसलं की आपण त्याला ढ म्हणून मोकळे होतो. खरं तर त्याच्या घरची भाषा वर्गात नसते. मरे एमेनो यांनी 1955 मध्येच कोलामीचं व्याकरण पुस्तकात छापलं. म्हणजे ती मराठीची बिघडलेली बोली नाही, स्वतःचे नियम असलेली भाषा आहे. हे समजलेला माणूस त्या लेकरासाठी पाठ्यपुस्तक, शब्दकोश बनवू शकतो.

मी बीटेकवाला. वाटायचं, कोड लिहिला की झालं. मग फोनला "काय करायलास?" म्हणून बघितलं, त्यानं भलतंच लिहिलं. मशीनला आपली बोली कळायची तर आधी कुणीतरी ती ऐकून, लिहून, तिचे नियम मांडायला पाहिजेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं मराठीच्या बोलींचं असं सर्वेक्षण करून ऑनलाइन ठेवलंय, नक्की बघा.

एमए तिथंच करता येतं. आपल्याला हैदराबादही जवळ: उस्मानिया आणि हैदराबाद विद्यापीठ. बारावी सायन्सवाल्यांनी तिथल्या ट्रिपल आयटीचा कॉम्प्युटर सायन्स आणि संगणकीय भाषाशास्त्र असा जोड कोर्स बघावा. स्पीच थेरपी करायची असेल तर मात्र वेगळी डिग्री लागते.

खोटं सांगत नाही, प्राध्यापकीच्या कायम जागा कमी आहेत. म्हणून सोबत पायथन शिका, अनुवाद, संपादनाचा हात बसवा.

आणि निर्णयाआधी एक करा. आजीला विचारून तिचं दहा मिनिटं बोलणं रेकॉर्ड करा. जसं बोलली तसंच लिहून काढा, 'शुद्ध' करू नका. त्यात रात्र कधी झाली ते कळलं नाही, तर खुशाल फॉर्म भरा.

भेटू पुढच्या भागात!