भ्यालेले मूल आणि शिक्षक

(भोर व वेल्हे येथील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आपल्याच जिल्ह्यातील माळीण गावावर 30 जुलै 2014 रोजी डोंगर कोसळला व 151 माणसे मृत्युमुखी पडली. भोर-वेल्ह्याची वस्तीही डोंगरउताराचीच. म्हणून हा विषय आपणांस परका नाही.

अशा आपत्तीतून वाचलेले मूल पुढे पावसाच्या आवाजानेही दचकते, झोपेत ओरडते, वर्गात शून्य नजरेने बसते. त्यास आळशी वा हट्टी म्हणणे अन्यायाचे होय.

या दुखण्यावर नेत्रचलनाची एक उपचारपद्धती आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शपिरो यांना 1987 साली तिचे मर्म गवसले. रुग्ण ती आठवण मनात धरतो आणि उपचारकाच्या डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटामागे नजर फिरवितो. आठवण पुसली जात नाही. तिची धार मात्र बोथट होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली मुलांसाठीही या पद्धतीची शिफारस केली.

परंतु हे काम प्रशिक्षित तज्ज्ञाचे. आपण वर्गात त्याचे प्रयोग करू नयेत. आपले कर्तव्य निराळे आहे. मुलास चारचौघांत तो प्रसंग सांगावयास लावू नये. शाळेचा नित्यक्रम शक्य तितका सांभाळावा. महिना लोटूनही लक्षणे टिकल्यास पालकांस विश्वासात घेऊन मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यास सुचवावे. 'टेलिमानस'च्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो.

घराबाहेर मुलाचे दुःख प्रथम आपल्याच दृष्टीस पडते. ती दृष्टी सावध व मायेची असावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.