उणे पंधरा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



फुटबॉलच्या गुणतक्त्यात शून्याच्याही खाली जाता येतं, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं. मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वाढलो. आमच्याकडे फुटबॉल शिकवावा लागत नाही, तो तालमीच्या दारातच असतो. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम यांचा सामना असला की त्या दिवशी घरात पाहुणे आले तरी त्यांना आधी स्टेडियमवर नेतात, मग जेवायला वाढतात. त्यामुळे हरणं, जिंकणं, पंचांना शिव्या घालणं हे सगळं मला ठाऊक होतं. पण सामना खेळायच्या आधीच पंधरा गुणांनी मागे असणं हा प्रकार मी पाहिला तो स्कॉटलंडमध्ये, २०१३ च्या ऑगस्टमध्ये.

नोकरीच्या निमित्ताने मी २०१२ च्या शरद ऋतूत एडिंबराला गेलो. भाडं परवडेल अशी जागा शोधताना गॉर्गी नावाच्या भागात तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा मिळाली. जुन्या दगडी इमारती, खाली दुकानं, आणि हवेत सदैव एक उबट, आंबूस वास. जवळच धान्यापासून व्हिस्की बनवणारी मोठी भट्टी आहे, तिचा तो वास. माझ्याबरोबरचे लोक नाक मुरडायचे. मी मात्र साखर कारखान्यांच्या मळीच्या वासात वाढलेला माणूस. मला पहिल्या रात्री छान झोप लागली.

त्या भट्टीच्या शेजारी टाइनकॅसल नावाचं मैदान आहे, आणि १८८६ पासून तिथे खेळणारा क्लब म्हणजे ‘हार्ट ऑफ मिडलोथियन’. लोक नुसतं ‘हार्ट्स’ म्हणतात. स्थापना १८७४ ची. नाव कसं पडलं ती गंमतच आहे. एडिंबरात एक जुना तुरुंग होता, तो १८१७ मध्ये पाडला. वॉल्टर स्कॉटने त्या तुरुंगाला मध्यभागी ठेवून त्याच नावाची कादंबरी लिहिली, तिच्या नावाचं एक नृत्यगृह निघालं आणि तिथे जमणाऱ्या पोरांनी क्लब काढला. तुरुंगाच्या जागी आता रस्त्यात दगडांनी हृदयाचा आकार काढला आहे, आणि येणारे-जाणारे त्यावर थुंकतात. रागाने नव्हे, तशी रीतच आहे म्हणून. तेच हृदय क्लबच्या छातीवरचं चिन्ह!

मला हे सगळं सांगितलं ते तळमजल्यावरच्या आजोबांनी. निवृत्त बसचालक. मी त्यांचं नाव इथे घेत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पहिल्या भेटीत त्यांनी मला तू कुठला, काय करतोस असलं काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच की, तुमच्या गावात फुटबॉल आहे का? मी म्हटलं, आहे, आणि पेठा-पेठांत आहे. ते म्हणाले, मग तुला समजावून सांगायची गरज नाही. गॉर्गी ही आमची पेठ.

आता उणे पंधराची कथा. २००५ मध्ये व्लादिमिर रोमानोव्ह नावाच्या लिथुआनियाच्या एका बँकवाल्या धनिकाने क्लब ताब्यात घेतला. त्या मोसमाची सुरुवात लोक अजून डोळे मिटून आठवतात. जॉर्ज बर्ली प्रशिक्षक. पहिले आठही सामने जिंकले. त्यात शहरातल्या हाडवैऱ्याला, हिबर्नियनला, चार-शून्य. क्लबने याआधी अशी सुरुवात केली होती ती थेट १९१४ मध्ये. दहा सामने झाले, एकही हरलेला नाही, संघ तक्त्यात सगळ्यांत वर, आणि २२ ऑक्टोबरला सामन्याच्या काही तास आधी बर्लींना घरी पाठवलं! त्या मोसमात दुसरा क्रमांक आला, स्कॉटिश कपही मिळाला, पण आजोबा त्या सकाळबद्दल बोलताना अजून चहाचा कप खाली ठेवत.

पैसा मात्र उधारीचा होता. खेळाडूंचे पगार लांबू लागले. तरीही २०१२ च्या मे महिन्यात कपाच्या अंतिम सामन्यात हार्ट्सने हिबर्नियनला पाच-एक असं लोळवलं. मी गेलो तेव्हा खिडक्या-खिडक्यांत ते पाच आणि एक लावलेले होते. मग २०१३ च्या सुरुवातीला रोमानोव्हची लिथुआनियातली बँक कोसळली, आणि जूनमध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या हाती गेला. डोक्यावर सुमारे अडीच कोटी पौंडांचं कर्ज. लीगच्या नियमाप्रमाणे शिक्षा झाली : नव्या मोसमाच्या प्रारंभी पंधरा गुण वजा, आणि अनुभवी खेळाडू विकत घ्यायला बंदी. जे महागडे होते ते गेले. उरली ती बहुतेक क्लबच्या शाळेत तयार झालेली पोरं.

इतर क्लबांचे लोक म्हणत, बरं झालं, उधारीवर कप जिंकलात, आता भोगा. मला विचाराल तर त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. इमानेइतबारे हिशेब ठेवणाऱ्या लहान क्लबांनी काय पाप केलं होतं? आजोबांनाही हे पटायचं. पण ज्यांनी उधळपट्टी केली ते निघून गेले होते, आणि दंड भरायला उभी होती अठरा-एकोणीस वर्षांची मुलं. हे पटायचं नाही.

मी दर रविवारी कोल्हापूरला फोन करी. माझे वडील, आबा, यांच्याशी माझं बोलणं म्हणजे तब्येत आणि पाऊस. औषधं घेतली का, घेतली, पाऊस आहे का, आहे, संपलं. त्या जुलैत पहिल्यांदा मी त्यांना ही हकिकत सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, “म्हंजे पाच सामनं जिंकलं की शून्यावर येनार?” मी म्हटलं, हो. “आन् बाकीचे अकरा संघ शून्यापासनं?” हो. “मग खेळत्यात कशाला?”

मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तोच प्रश्न आजोबांना विचारला. त्यांनी उत्तर दिलं नाही, वार्षिक तिकीट दाखवलं. निवृत्तिवेतनातून घेतलेलं. प्रशासकांनी सांगितलं होतं की वार्षिक तिकिटं विकली गेली नाहीत तर क्लब मोसम सुरूही करू शकणार नाही. म्हणजे तिकीट घ्यायचं कशाचं, तर कदाचित होणारच नाहीत अशा सामन्यांचं. हजारो लोकांनी घेतलं. माझ्याही नोकरीचा करार सप्टेंबरात संपणार होता आणि पुढचं कोणी काही सांगत नव्हतं. पण तिसऱ्या मजल्यावर राहून मी एकटाच फुकट आरडाओरडा ऐकणार, हे मला बरं दिसेना. मीही तिकीट घेतलं.

स्कॉटलंडचा ऑगस्ट ही एक नवलाची गोष्ट आहे. रात्री नऊपर्यंत उजेड. गावात जगभरातले नट, गवय्ये, विदूषक यांचा महोत्सव, रस्त्यात पाय ठेवायला जागा नाही. आणि त्या झगमगाटाच्या पश्चिमेला, ट्रामच्या कामाने खणलेल्या हेमार्केटच्या पलीकडे, गर्द लाल रंगाचे मफलर घातलेली माणसं भर उन्हाळ्यात मैदानाकडे चाललेली. महोत्सवाला आलेल्यांना याचा पत्ता नसतो आणि यांना महोत्सवाचा नसतो.

पहिला सामना पर्थला, सेंट जॉन्स्टनशी. एक गोल खाऊन हरलो. “हरलो” असं मी म्हटलं, हे फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आलं.

दुसरा सामना ११ ऑगस्टला टाइनकॅसलवर, आणि समोर हिबर्नियन. त्यांचीही अवस्था फार छान नव्हती. दोनच आठवड्यांपूर्वी युरोपातल्या स्पर्धेत स्वीडनच्या माल्मोने त्यांना त्यांच्याच मैदानावर सात-शून्य हरवलं होतं. पण शेजाऱ्याच्या घरी सुतक आहे म्हणून आपल्या घरी दिवाळी होत नाही. टाइनकॅसलची प्रेक्षागृहं मैदानाला इतकी खेटून आहेत की खेळाडूचा श्वास ऐकू यावा. मध्यंतरात आजोबांनी मटणाचा पाय आणून दिला. पाय म्हणजे वाटीएवढी, वर झाकण असलेली कचोरीच म्हणा ना. तिखट अजिबात नाही. तांबड्या रश्श्याची फार आठवण झाली. त्याच्याबरोबर बोव्हरील नावाचं गरम पेय घेतात, ते गोमांसाच्या अर्काचं असतं, ते मी नम्रपणे परत केलं आणि चहा घेतला. आजोबांनी दोन्ही बोव्हरील संपवले.

उत्तरार्धात कॅलम पॅटरसनने गोल केला. वय वर्षं अठरा. त्यानंतरचा उरलेला वेळ मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही, कारण आजोबांनी माझा दंड धरून ठेवला होता आणि तो दोन दिवस दुखत होता. शिट्टी वाजली. एक-शून्य. हार्ट्सचे गुण : उणे बारा. उणे बारा गुण मिळाल्याबद्दल हजारो माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडताना मी पाहिली आहेत. 

त्या रात्री रविवारचा फोन मी न करता आबांनीच केला. कोल्हापुरात मध्यरात्र उलटून गेलेली. “काय झालं?” मी सांगितलं. म्हणाले, “ऱ्हायलं किती?” मी म्हटलं, बारा. म्हणाले, “हां,” आणि फोन ठेवला. त्यानंतर आमच्या बोलण्यात पाऊस आणि औषधं मागे पडली. 

गोष्ट सुखान्त नाही, हे इथेच सांगून टाकतो. शून्य गाठायला कित्येक महिने गेले. अखेर अडतीस सामन्यांनंतर हार्ट्सचे गुण झाले तेवीस, क्रमांक बारावा, म्हणजे तळाचा, आणि संघ खालच्या विभागात गेला. वजा झालेले पंधरा मिळवले तर अडतीस होतात. आजोबा ही बेरीज वर्षभर करत राहिले. (हिबर्नियनही त्याच वर्षी खाली गेले, यातून गॉर्गीला जो काही दिलासा मिळायचा तो मिळाला.) पण मैदान वर्षभर चौदा हजारांच्या घरात भरत राहिलं. हरणाऱ्या संघासाठी, दर पंधरवड्याला.

नोव्हेंबरात आजोबा मला हेमार्केटच्या स्मारकाकडे घेऊन गेले. १९१४ च्या त्या पहिल्या सुंदर सुरुवातीचं काय झालं, ते तिथे कळतं. त्या ऑगस्टात महायुद्ध पेटलं आणि त्याच महिन्यात हार्ट्सने सेल्टिकला दोन-शून्य हरवून मोसम सुरू केला. तक्त्यात वर असतानाच वृत्तपत्रांतून टीका झाली, की धडधाकट तरुण फुटबॉल कसले खेळतात? क्लबचे सोळा खेळाडू सैन्यात भरती झाले, त्यांच्यामागे शेकडो पाठीराखे. दिवसभर कवायत आणि शनिवारी सामना. विजेतेपद सेल्टिकला गेलं, हार्ट्स दुसरे. पुढे युद्धात पहिल्या संघातले सात जण मेले. त्यांतले तिघे एकाच दिवशी, १ जुलै १९१६ ला, सॉमच्या रणभूमीवर. स्मारकापाशी गर्दी होती. पंधरा गुणांचा विषय कोणी काढला नाही.

आता पैशाचं. ‘फाउंडेशन ऑफ हार्ट्स’ नावाची पाठीराख्यांची संस्था होती. दरमहा दहा पौंड, कुणी जास्त, थेट बँकेतून. सुमारे आठ हजार माणसं देत होती. आपल्याकडे गणपतीची वर्गणी असते तसंच, फक्त पावती फाडायला दारात कोणी येत नाही आणि न दिल्यास स्पीकरवरून नाव पुकारत नाहीत. पण एवढ्याने क्लब एकदम विकत घेता येईना. तेव्हा ॲन बज या बाई पुढे आल्या. संगणक-सेवेची कंपनी उभी करून त्यांनी पैसा मिळवला होता. २०१४ मध्ये त्यांनी पंचवीस लाख पौंड घालून क्लब सोडवला, अशा बोलीवर की लोकांनी दरमहा देत राहायचं आणि हिशेब फिटला की मालकी लोकांकडे. असल्या बोली पुष्कळ होतात. ही पाळली गेली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये बहुसंख्य भागभांडवल पाठीराख्यांच्या संस्थेच्या नावे झालं.

मी मधल्या काळात परतलो. माझा करार दोनदा वाढला आणि तिसऱ्यांदा वाढला नाही. पण जाण्याआधी मला आणखी एक सुरुवात पाहायला मिळाली. २०१४ चा ऑगस्ट, खालचा विभाग, पहिलाच सामना ग्लासगोला रेंजर्सच्या मैदानावर. या खेपेला गुण शून्य. साधं, स्वच्छ शून्य. आजोबा वर्तमानपत्रातला तो तक्ता सामन्याआधीच कापून ठेवणार होते. सामना आम्ही त्यांच्या खोलीत पाहिला. हार्ट्स एक-शून्यने पुढे, अगदी शेवटी रेंजर्सने बरोबरी केली, आजोबांनी तोंड फिरवलं, आणि त्यांनी तोंड फिरवलेलं असतानाच उस्मान सो याने दुसरा गोल केला. तो गोल त्यांनी पाहिलाच नाही. त्या मोसमात हार्ट्सने ९१ गुण मिळवून विभाग जिंकला, पण आजोबा दर भेटीत मला तो गोल पुन्हा वर्णन करायला लावत.

निघताना त्यांनी मला एक गर्द लाल मफलर दिला, आबांसाठी. आबांनी तो कपाटात ठेवला असेल असं मला वाटलं होतं. डिसेंबरात कोल्हापूरचा हंगाम सुरू झाला आणि मी त्यांना शाहू स्टेडियमवर घेऊन गेलो, तर गळ्यात तोच मफलर. शेजारच्या पायरीवरच्या पोराने निरखून पाहिलं, छातीवरचं ते हृदय पाहिलं आणि विचारलं, “आबा, ही कुठली तालीम?”

आबा मैदानावरची नजर न काढता म्हणाले, “गॉर्गी पेठ.”