मुलींच्या मुखावरील अनावश्यक केस : कारणे आणि उपाय

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आज जो विषय आम्ही आपणापुढे मांडणार आहोत, त्याचे नाव ऐकूनच काही वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतील याची आम्हांस कल्पना आहे. मुलींच्या ओठावर, हनुवटीवर व गालांवर येणारे दाट केस हा काय सभेत बोलण्याचा विषय आहे, असे कोणी म्हणेल. आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक निवृत्त शिक्षक आहोत. परंतु शिक्षकाचे डोळे वर्गभर फिरत असतात. आठवीपर्यंत पहिल्या बाकावर बसून हात वर करणारी मुलगी नववीत शेवटच्या बाकावर जाते, ओढणीने हनुवटी झाकून घेते, स्नेहसंमेलनातील नाटकातून अंग काढून घेते आणि वर्गाचे छायाचित्र काढण्याच्या दिवशी हटकून गैरहजर राहते, असे आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. अशा वेळी घरात काय चालते? आई डाळीचे पीठ व हळद चोळते, शेजारीण दोरा फिरवून देते, आणि वडिलांच्या कानी ही गोष्ट जाते ती स्थळे पाहावयास लागल्यावर. मुलीच्या शरीरात काय बिघडले आहे, हे मात्र कोणीच विचारीत नाही. तो प्रश्न आज आपण विचारावा, एवढ्यासाठीच हा प्रपंच.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तळहात, तळपाय व ओठ वगळता मनुष्याच्या जवळजवळ सर्व त्वचेवर केसांची मुळे असतात. स्त्रीच्या चेहऱ्यावरही असतात. तेथील केस मऊ, आखूड व फिकट असतात, त्यास आपण लव म्हणतो. या लवेचे राठ, काळ्या केसांत रूपांतर करणारी संप्रेरके, म्हणजेच हार्मोन, पुरुषांच्या शरीरात विपुल असतात. पण ती स्त्रीच्या शरीरातही थोड्या प्रमाणात असतातच. बीजांडकोश आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ती निर्माण करतात. त्यांचे प्रमाण वाढले, किंवा प्रमाण योग्य असूनही केसांची मुळे त्यांस अधिक दाद देऊ लागली, म्हणजे हनुवटी, छाती, पोट, पाठ अशा पुरुषी ठिकाणी केस उगवतात. फेरीमन व गॅलवे या दोघा संशोधकांनी १९६१ साली अशा केसांना गुण देण्याची पद्धत घालून दिली. तिच्या सुधारलेल्या रूपात शरीराच्या ९ भागांना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात. मात्र हातापायांवर थोडी अधिक लव असणे हे बहुधा घराण्याचे वळण असते. आजीस होती, आईस आहे, म्हणून मुलीस आहे. तिला रोग म्हणण्याचे कारण नाही.

दाट केसांच्या तक्रारीमागे दहापैकी सात-आठ स्त्रियांत एकच विकार आढळतो. शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेंथाल या डॉक्टरांनी १९३५ साली त्याचे वर्णन केले. आज तो पीसीओएस या आद्याक्षरांनी घरोघरी ठाऊक झाला आहे. यात पाळी लांबते, मुरुमे येतात, वजन वाढते व केस राठ होतात. यातील गुंतागुंत अशी की, पुष्कळ जणींच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, म्हणून शरीर ते अधिक प्रमाणात तयार करते. हे वाढलेले इन्सुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरक अधिक बनवावयास लावते, आणि त्या संप्रेरकाला रक्तात बांधून ठेवणारे यकृतातील प्रथिनही घटविते. म्हणजे हनुवटीवरील केस आणि पुढे होणारा मधुमेह यांचे मूळ कित्येकदा एकच असते! मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने १५ ते २४ वर्षांच्या मुलींची पाहणी करून २०१४ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत व्यापक निकषाने शेकडा २२.५ आणि कडक निकषाने शेकडा १०.७ मुलींत हा विकार आढळला. शंभर मुलींच्या शाळेत निदान दहा जणी! मग ही लपविण्याजोगी, एखाद्याच घराण्याची गोष्ट कशी म्हणावी?

इतरही कारणे आहेत. अधिवृक्क ग्रंथींचा जन्मजात दोष असतो. काही औषधांनीही केस वाढतात. त्यातील एक कारण आपल्या घरांतच दडलेले आहे, ते म्हणजे गोरेपणाच्या हव्यासाने चेहऱ्यास महिनोन् महिने चोपडलेली स्टेरॉइडयुक्त मलमे. ही मलमे त्वचा पातळ करतात, चेहरा लाल करतात आणि वर केसही वाढवितात. २०१८ साली केंद्र शासनाने अशा कित्येक मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घातले. तरी शेजारणीच्या शिफारशीने ती आणली जातातच. आणि एक लक्षण मात्र क्षणभरही दुर्लक्षू नये. काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, डोक्यावरचे केस विरळ झाले, तर ग्रंथींत गाठ असण्याचा संभव असतो. तेथे उटणे नव्हे, त्वरित तपासणी हवी.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, "केस कसे काढावेत?" या प्रश्नाआधी "पाळी वेळेवर येते काय?" हा प्रश्न आईने मुलीस विचारावा. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ती मागेपुढे होणे साहजिक आहे. त्यावरून घाईने मुलीच्या माथी रोग मारू नये. त्यानंतरही वर्षातून आठपेक्षा कमी वेळा येत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यावे. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोल्याच्या किंवा जामखेडच्या एखाद्या खेड्यातून दवाखान्यास जाणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडविणे, हे आम्ही जाणतो. तरीही अहिल्यानगरचे जिल्हा रुग्णालय आहे. लोणी येथे प्रवरा संस्थेचे आणि विळद घाटात विखे पाटील यांच्या नावाचे अशी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. रक्ताची तपासणी व गरजेप्रमाणे सोनोग्राफी एवढ्याने बहुधा उलगडा होतो. वजन अधिक असल्यास ते शेकडा पाच ते दहा इतके उतरविले तरी पाळी पुष्कळदा मार्गावर येते. डॉक्टर संप्रेरकांच्या गोळ्या देतात. केसांची वाढ रोखणारी अन्य औषधेही आहेत, पण त्यातील काही गर्भास अपायकारक असल्याने ती मनाने घेऊ नयेत. केसाचे आयुष्य लांब असते. म्हणून गुण येण्यास सहा महिने तरी लागतात. महिन्याभरात फरक नाही म्हणून औषध सोडणे म्हणजे पेरणी करून आठव्या दिवशी कणीस शोधण्यासारखे आहे.

आता केस कायमचे घालविण्याविषयी. ही हौस जुनी आहे. सुश्रुतसंहितेतही केस काढण्याच्या लेपात शंखचूर्ण व हरताळ सांगितले आहे. पण हरताळात सोमल असतो, तेव्हा घरी तो प्रयोग कोणी करू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य देशांत क्ष-किरणांनी केस घालविण्याची दुकाने निघाली, आणि पुढे अनेक स्त्रियांना त्वचेचे कर्करोग झाले. "कायमचे" या शब्दाची किंमत त्यांनी अशी चुकविली! १८७५ साली अमेरिकेतील नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी डोळ्यात रुतणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठी विजेच्या सुईचा उपाय शोधला. त्यात एकेका केसाच्या मुळात बारीक सुई घालून वीज सोडतात. काम किचकट व वेळखाऊ असते. पण केस काळा असो वा पांढरा, मूळ खरोखर नष्ट होते.

लेसर ही दुसरी रीत. केसातील काळा रंग तिचा प्रकाश शोषतो, त्याची उष्णता होते व मूळ जळते. म्हणूनच पांढऱ्या केसांवर व मऊ लवेवर ती चालत नाही. आपल्या सावळ्या त्वचेतही तोच रंग असल्याने चुकीच्या यंत्राने चटके बसतात, डाग पडतात. आपणांस लांब लहरींचे डायोड किंवा एन्डी-याग लेसर अधिक सुरक्षित. वाढीच्या अवस्थेतील केसच नष्ट होतात, म्हणून महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने सहा-आठ बैठका लागतात. त्या काळात उन्हापासून चेहरा जपावा लागतो. कांदाकाढणीला जाणाऱ्या मुलीने हे आधी डॉक्टरांस सांगावे. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानेही लेसर यंत्रांना केसांची "कायमची घट" एवढेच म्हणण्याची मुभा दिली आहे, समूळ नाशाची नव्हे. आत संप्रेरकांचा बिघाड चालूच असेल तर नवे केस येतात. क्वचित चेहऱ्यावर ते उलट वाढतातही. विहिरीतील झरा वाहता ठेवून मोट ओढीत बसावे, तसा हा प्रकार! "एका बैठकीत कायमचे" असे सांगणाऱ्यास आगाऊ रक्कम देऊ नये. आणि ज्यांना हा खर्च परवडत नाही त्यांनी खंत करू नये. वस्तऱ्याने काढलेला केस पुन्हा अधिक राठ उगवतो, ही समजूत खोटी आहे.

शेवटी दोन शब्द ज्ञातीसंबंधी. २०२४ साली उत्तरेकडील एका राज्यात दहावीच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीच्या छायाचित्रावर लोकांनी तिच्या ओठावरील केसांवरून टवाळी केली. राज्यात पहिली आलेली मुलगी, आणि लोकांस दिसले काय, तर ओठावरची लव! आपण त्यांस नावे ठेवू. परंतु मुलगी पाहावयास गेल्यावर आपल्याकडील मंडळी परतीच्या वाटेवर काय बोलतात, हे एकदा आठवून पाहावे. या भीतीनेच आईबाप मुलीचा विकार लपवितात, औषध बंद करतात, आणि लग्नानंतर मूल होण्यास विलंब झाला की सारा दोष पुन्हा तिच्याच पदरी येतो. पीसीओएस असलेल्या बहुसंख्य स्त्रिया उपचारांनी माता होतात, हे मात्र कोणी सांगत नाही.

यास्तव मंडळास आमच्या तीन विनंत्या आहेत. वधूवर-सूचीतील वर्णाचा रकाना काढून टाकावा. पुढील मेळाव्यात एखाद्या स्त्री-डॉक्टरांचे व्याख्यान ठेवावे, आणि त्या व्याख्यानास मुलींच्या मातांबरोबर मुलांच्या मातांनाही आवर्जून बोलवावे. आणि मुलीच्या पित्याने हा खर्च श्रृंगाराचा न मानता प्रकृतीचा मानावा. मुलाचा पाय मोडला तर आपण कर्ज काढतो. मुलीच्या पाळीसाठी दवाखान्याची एक फेरी आपणांस जड वाटू नये.