‘कापूस’ लिहिलं आणि पंधरा चुका आल्या

आजचा एपिसोड थोडा वेगळा आहे. पाहुणे नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. विषय आहे कंपायलर. नाव ऐकून लगेच पुढे ढकलू नका. इंजिनिअरिंगचा पेपर काही घेत नाही तुमचा. एक साधी गोष्ट सांगतो, ती हिंगणघाटजवळच्या आमच्या गावातून सुरू होते आणि मग जरा लांब जाते.

मी फर्स्ट इयरला होतो. सी लँग्वेज नवीन नवीन शिकत होतो. घरी कापूस, मार्केट यार्डात कापूस, काकांच्या वहीत कापूस. म्हटलं, काकांचा हिशोब करणारा प्रोग्रॅम लिहू. किती क्विंटल गेला, काय भाव लागला, हमाली-तोलाई वजा जाता हातात किती आले. लॅबमध्ये बसलो आणि पहिलीच ओळ लिहिली : इंट, मग देवनागरीत ‘कापूस’, बरोबर चाळीस, सेमीकोलन. चाळीस अर्थातच इंग्रजी आकड्यांत, कारण सीला मराठी अंक कळत नाहीत, एवढं मला माहीत होतं.

कंपाइल केलं आणि स्क्रीन लाल झाली. ‘स्ट्रे बॅकस्लॅश ३४० इन प्रोग्रॅम’. मग ‘स्ट्रे २४४’. मग ‘स्ट्रे २२५’. परत ३४०, परत २४४. नुसत्या ‘कापूस’ या एका शब्दासाठी अशा पंधरा ओळी. स्ट्रे म्हणजे भटकं. मोकाट जनावरं असतात ना रस्त्यावर, तसं. माझ्या प्रोग्रॅममध्ये मोकाट ३४० शिरला म्हणे.

सरांना विचारलं. ते म्हणाले, व्हेरिएबल इंग्रजीतच लिहायचं असतं. मागच्या बाकावरून हसू आलं. मी ‘कापूस’ खोडून ‘ए’ लिहिलं आणि चाललं. पण खरं सांगू, त्या दिवशी मी मनात एक गोष्ट पक्की करून टाकली. हे आपल्यासारख्यांचं काम नाही. आपण मराठी मीडियमवाले, आपल्याला हे जमत नाही, म्हणून चूक झाली. दोन-तीन वर्षं मी हेच धरून चाललो होतो.

ती चूक माझी नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. आजचा एपिसोड त्यासाठीच आहे.

आता थोडं आतलं सांगतो. तुम्ही जे लिहिता ते मशीनला कळत नाही. मध्ये एक प्रोग्रॅम असतो, तो तुमचं लिखाण वाचून मशीनच्या भाषेत आणतो. तो कंपायलर. आपल्याकडे कापूस आधी जिनिंगला जातो, तिथे सरकी आणि रुई वेगळी होते, मग प्रेसिंग, मग गाठी, मग सूत. कंपायलरचंही तसंच आहे, काम टप्प्याटप्प्याने होतं. पहिल्या टप्प्यात तो अक्षरं वाचून शब्द वेगळे करतो. माझा ‘कापूस’ तिथेच, पहिल्या दारात अडकला होता.

का अडकला? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘कापूस’मध्ये क, काना, प, ऊकार आणि स अशी पाच चिन्हं आहेत. पाच त्रिक पंधरा. ‘क’चे तीन बाइट आठच्या पायात लिहिले तर ३४०, २४४, २२५ येतात. म्हणजे कंपायलरला ‘क’ दिसतच नव्हता. त्याला दिसत होते तीन अनोळखी बाइट, आणि प्रत्येकाची तो वेगळी तक्रार करत होता.

तो कंपायलर होता जीसीसी. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ मध्ये पहिल्यांदा बाहेर काढला. तेव्हा त्याचा अर्थ होता ‘ग्नू सी कंपायलर’. पुढे सी प्लस प्लस, फोर्ट्रान, एडा अशा भाषा त्यात आल्या आणि नाव झालं ‘ग्नू कंपायलर कलेक्शन’. लिनक्सचा कर्नल सहसा यानेच कंपाइल होतो. त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला आहे. वाचा, बदला, वाटा.

आता गंमत बघा. सी भाषेचं १९९९ चं स्टँडर्ड आहे, त्याला सी-९९ म्हणतात. व्हेरिएबलच्या नावात कोणत्या लिपींची अक्षरं चालतील याची यादीच त्यात दिलेली आहे, आणि त्या यादीत देवनागरी आहे! काना-मात्रेसकट आहे. म्हणजे मी लॅबमध्ये लिहिलेलं ‘कापूस’ हे नाव नियमाने बरोबर होतं, आणि तेही माझ्या त्या लॅबच्या कितीतरी वर्षं आधीपासून.

मग जीसीसीने ते घेतलं का नाही? मागच्या दाराने घेत होता. ‘क’च्या जागी बॅकस्लॅश, यू, ०९१५ असं लिहिलं तर चालायचं. २०१५ मध्ये आलेल्या जीसीसी ५ पासून हे आपोआप चालू असायचं. पण ‘कापूस’ लिहायला अशी पाच कोडं कोण लिहिणार, सांगा? सरळ टाइप केलेलं ‘कापूस’ जीसीसीने स्वीकारलं ते आवृत्ती १० मध्ये. ती आली मे २०२० मध्ये. १९९९ ते २०२०. एकवीस वर्षं!

मी हे प्रत्यक्ष बघितलं लॉकडाउनमध्ये. घरीच होतो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर फेडोरा ३२ उतरवून घेतलं, त्यात जीसीसी १० होता. सहज आठवलं म्हणून तीच जुनी ओळ टाइप केली. एंटर मारला. काहीच आलं नाही. कंपायलर गप्प बसला म्हणजे काम झालं. मी उठून ओसरीवर गेलो, माय तूर निवडत होती. म्हटलं, माय, कापूस चालला. ती म्हणाली, ‘‘आता उन्हाळ्यात कुठचा कापूस रे बाप्पा?’’

त्यानंतर मी शोधायला लागलो की हे दुरुस्त केलं कोणी. आणि तिथे माझी एक मोठी समजूत मोडली. मला वाटायचं, कुठेतरी मोठी कंपनी असेल, एक साहेब असेल, तो म्हणेल ‘करा’ आणि होईल. तसं नसतं. जीसीसीवर काम करणारे बरेच लोक रेड हॅट, सूझे, आर्म, आयबीएम अशा कंपन्यांच्या पगारावर आहेत, पण बाहेरून स्वतःच्या वेळात काम करणारेही असतात. तक्रारी एका खुल्या नोंदवहीत असतात, तिला बगझिला म्हणतात. कुणीही वाचू शकतं, कुणीही लिहू शकतं. बदल पाठवायचा तर पॅच पाठवायचा. त्या भागाचा मेंटेनर तो तपासतो. आपला यूटीएफ-८ वाला पॅच असाच तपासून सप्टेंबर २०१९ मध्ये आत गेला. पॅचबरोबर टेस्टचा गठ्ठा होता.

ह्या टेस्टबद्दल जरा सांगू द्या, कारण मेंटेनन्सचा जीव त्यात आहे. तुम्ही एक दोष काढला की त्याची छोटीशी टेस्ट लिहून कायमची ठेवायची. पुढे कुणी दुसराच काहीतरी बदल केला आणि तुमचं काम त्यात मोडलं, तर ती टेस्ट लगेच सांगते. जीसीसीत अशा टेस्टचे ढीग आहेत. मी एकदा हौसेने पूर्ण सोर्स उतरवून बिल्ड केला आणि सगळ्या टेस्ट लावल्या. रात्री लावल्या, सकाळी लाइट गेली तेव्हाही लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता. तेव्हा लक्षात आलं, नवीन फीचर टाकणं हा ह्या कामाचा छोटा भाग आहे. जे चालतंय ते चालत ठेवणं, हा मोठा भाग.

आणि एक काम झालं की संपत नाही, त्याच्या पोटातून दुसरं निघतं. नावं देवनागरीत आली, मग प्रश्न आला की चूक दाखवणारा तो छोटा बाण कुठे दाखवायचा? कंपायलर बाइट मोजत होता. त्याच्या हिशोबाने ‘कापूस’ पंधरा घरं, आपल्या डोळ्याला तीन-चार. २०२१ मध्ये आलेल्या जीसीसी ११ ने चुकीच्या जागेचा आकडा बाइटऐवजी स्क्रीनवर दिसणाऱ्या रकान्यांत द्यायला सुरुवात केली.

लगेच त्याच वर्षी, १ नोव्हेंबरला, केंब्रिजच्या दोन संशोधकांनी ‘ट्रोजन सोर्स’ नावाचा पेपर काढला. अरबी, हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यासाठी युनिकोडमध्ये न दिसणारी दिशा-चिन्हं असतात. ती कोडमध्ये लपवली तर माणसाला एक दिसतं आणि कंपायलर दुसरंच वाचतो. म्हणजे चोरट्याला नवी वाट. मग जीसीसी १२ मध्ये त्याची वॉर्निंग आली. दार उघडलं की राखणही करावी लागते.

आता शेवटची गोष्ट, आणि ही माझ्या घरची. मागच्या दिवाळीत भाची आली होती. नववीत आहे, मराठी शाळेत. मावशीकडच्या लग्नाचा हिशोब चालला होता. ती म्हणे, मामा, आपण प्रोग्रॅम लिहू, वऱ्हाड किती आणि ताटं किती. अर्धा प्रोग्रॅम तिने फोनवर टाइप करून मला पाठवला, अर्धा मी लॅपटॉपवर लिहिला. व्हेरिएबलचं नाव : ‘वऱ्हाड’.

कंपाइल केलं. एरर काय आला असेल? ‘वऱ्हाड’ कुठेही जाहीर केलेलं नाही. तुम्हाला ‘वऱ्हाड’ म्हणायचं होतं का?

आम्ही दोघं बघतच राहिलो. ती म्हणाली, ‘‘मामा, हे तर सारखंच दिसते ना!’’ दिसतं सारखंच. तासभर गेला. शेवटी दोन्ही नावांचे बाइट काढून बघितले. एकात १८, दुसऱ्यात २१. आपला तो ‘ऱ्ह’ दोन प्रकारे लिहिता येतो. एकात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर असतं. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. एका कीबोर्डने हे बनवलं, दुसऱ्याने ते. डोळ्याला एक, कंपायलरला दोन वेगळी माणसं. वर सी प्लस प्लसच्या नव्या नियमात ते न दिसणारं चिन्ह नावात बसतच नाही. जीसीसी सहसा सांभाळून घेतो, पण कडक तपासणीचा ‘पेडँटिक’ पर्याय लावला तर घेत नाही.

नियमाने बघितलं तर कंपायलरची चूक नाही. पण ‘वऱ्हाड नाही, वऱ्हाड म्हणायचं होतं का’ या वाक्याचा नववीतल्या मुलीने काय अर्थ घ्यायचा? मी जो घेतला होता तोच घेईल. आपल्याला जमत नाही.

आणि मंडळी, हा दोष कुणाला दिसणार? जर्मनीतल्या मेंटेनरला दिसणार नाही. त्याच्या गावात वऱ्हाड नाही. तऱ्हा, कैऱ्या, दुसऱ्या, पुढाऱ्यांची नावं, हे सगळं आपल्या बोटांतून येतं. तो कितीही हुशार असला तरी जे त्याच्यासमोर येतच नाही ते तो दुरुस्त कसं करणार?

म्हणून मी काय केलं ते सांगतो. आधी प्रोग्रॅम कापत कापत सहा ओळींवर आणला, नेमका दोष दाखवण्यापुरता. मग जुन्या नोंदी वाचायला बसलो, कारण तीच तक्रार दुसऱ्यांदा टाकली तर कुणाचा तरी वेळ जातो. सगळ्यात नवीन आवृत्तीवरही करून बघायचं आहे. आणि ‘हे मोडलंय’ एवढंच लिहायचं नाही, काय व्हायला हवं तेही लिहायचं. माझं म्हणणं साधं आहे. दोन नावं दिसायला सारखी असतील तर एररमध्ये ते न दिसणारं चिन्ह कोडने दाखवा. वेळ लागतोय, पण घाईत टाकलेली नोंद म्हणजे समोरच्याच्या डोक्यावर टाकलेलं ओझं असतं.

तुम्हालाही करता येईल. त्यासाठी आयआयटीतच असावं लागतं असं नाही. आणि आयआयटीचंही बघा. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसी रिसोर्स सेंटर चालवलं, जीसीसीच्या पोटात काय आहे हे शिकवायला कार्यशाळा घेतल्या. कंपायलर आतून समजून सांगणारे लोक आपल्याच राज्यात आहेत. वर्ध्याला कधी गेलात तर मगन संग्रहालयात चरखे बघून या. गावातल्या सुताराला दुरुस्त करता आला पाहिजे, असं ते यंत्र. माझ्या मते ओपन सोर्सचा अर्थ तेवढाच आहे. दुरुस्तीचा हक्क आपल्याकडे आहे. पण हक्क नुसता ठेवून यंत्र चालत नाही, कुणीतरी खाली बसून ते उघडावं लागतं.

त्या रात्री भाचीने मला विचारलं, ‘‘मामा, मग हे कोण दुरुस्त करते?’’ मी म्हटलं, ज्याला दिसलं तो सुरुवात करतो. ती म्हणाली, ‘‘दिसलं तर आपल्यालाच.’’

ती सहा ओळींची फाइल तिच्याच हाताने टाइप केलेली आहे. नोंद पाठवेन तेव्हा तिला शेजारी बसवून पाठवीन.

तुमच्या नावात, गावात, आडनावात ‘ऱ्य’ किंवा ‘ऱ्ह’ असेल तर आज रात्री एकदा प्रोग्रॅममध्ये लिहून बघा, फोनवरून आणि लॅपटॉपवरूनही. काय झालं ते मला कळवा. पंधरा चुका आल्या तरी घाबरू नका. कदाचित तुमची एकही नसेल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत ऐकत राहा, आणि काळजी घ्या.