भाडें किती येतें आणि हातीं किती उरतें

घर बांधून भाड्यानें द्यावें आणि उतारवयांत त्या भाड्यावर निश्चिंत बसावें, हा विचार आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांत फार जुना आहे. शेतीला पावसाचा भरंवसा नाहीं, व्यापाराला अंगीं धाडस लागतें. घर मात्र जागचें हलत नाहीं आणि महिन्याच्या महिन्याला कांहींतरी देत राहतें, अशी सर्वांची समजूत असते. बीड जिल्ह्यासारख्या अवर्षणाच्या मुलुखांत ती अधिकच दृढ व्हावी, हें स्वाभाविक आहे. परंतु येणारें सगळें भाडें म्हणजे खर्चावयास मोकळा पैसा, हें समीकरण तपासून पाहिल्यावांचून मान्य करण्यासारखें नाहीं.

अंबाजोगाईच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांची कल्पना करूं. गांवांत स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हां भाडेकरू मिळण्याची पंचाईत पडूं नये. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम आणि थोडें कर्ज मिळून ३० लाख रुपयांस या गृहस्थांनीं घर उभें केलें व तें दरमहा ९,००० रुपयांनीं दिलें, असें समजूं. वर्षाचे झाले १,०८,००० रुपये. घरांतील मंडळी याच आंकड्यावर खुष असतात. पण एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत एक महिना घर रिकामें राहिलें, कीं ९,००० गेले. नगरपरिषदेची घरपट्टी व पाणीपट्टी ५,००० धरावी. नळ, दिवे, मोटार, किरकोळ डागडुजी यांस १०,००० लागतात. बाकी राहिले ८४,०००.

येथेंच बहुतेकांचा हिशेब थांबतो, आणि चूकहि येथेंच होते. गच्चीला गळती लागते, विंधनविहीर कोरडी पडून नवी घ्यावी लागते, भिंतींस रंग द्यावा लागतो. हा खर्च दरसाल येत नाहीं; पण पांच वर्षांनीं एकदां १,००,००० रुपयांचा घाला घालतो. म्हणजे चार वर्षें ८४,००० उरले, आणि पांचव्या वर्षीं पदरचे १६,००० घालावे लागले. पांच वर्षांची एकूण शिल्लक ३,२०,०००. सरासरीनें वर्षाला ६४,०००. घरासाठीं घातलेल्या रकमेवर हें उत्पन्न शेंकडा दोनहून किंचित् अधिक पडतें. त्यांतून घेतलेलें कर्ज १५ लाखांचें व व्याज शेंकडा ९ असेल, तर पहिल्या वर्षाचें व्याजच १,३५,००० होतें. असें घर मालकास पोसत नाहीं. मालकच निवृत्तिवेतनांतून घराला पोसतो.

सर्व खर्च आणि पुढील मोठ्या दुरुस्तीची तरतूद वजा जातां जें उरतें, त्याला मोकळी शिल्लक म्हणावें. ती एका वर्षाच्या आंकड्यावरून कळत नाहीं. पांचसात वर्षांचा कल पाहावा लागतो. ज्यानें दुरुस्ती लांबणीवर टाकली त्याची शिल्लक प्रारंभीं नेहमींच मोठी दिसते. ती खरी शिल्लक नव्हे. तें घराचें मुद्दल खाणें आहे.

हाच प्रश्न अमेरिकेंत फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला आहे. २००८ च्या आर्थिक अरिष्टांत तेथें असंख्य कुटुंबांचीं घरें कर्जापायीं गेलीं, आणि तीं स्वस्तांत घेऊन भाड्यानें देणाऱ्या कंपन्या निघाल्या. २०१२ सालीं स्थापन झालेली इन्व्हिटेशन होम्स ही त्यांपैकीं प्रमुख. तिचे भाग २०१७ पासून न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत विकले जातात आणि तिच्या मालकीचीं स्वतंत्र घरें ८०,००० हून अधिक आहेत. अशा कंपन्या आपल्या अहवालांत दोन निरनिराळे आंकडे देतात. एक, घरें चालवून मिळालेल्या पैशाचा. आणि दुसरा, त्यांतून छपरें, वातानुकूलन यंत्रें इत्यादींचा नेहमीं उद्भवणारा मोठा खर्च वजा केल्यानंतरचा. जाणता भागधारक दुसऱ्या आंकड्याचा कल वर्षानुवर्षें पाहतो. उलटपक्षीं, तेथील करकायद्यानें राहत्या इमारतीची घसारा-वजावट साडेसत्तावीस वर्षांत विभागून मिळते. तो पैसा प्रत्यक्ष हातांतून जात नाहीं, म्हणून कागदावरचा नफा कधीं कधीं हातांतील पैशाहून कमी दिसतो. कागद दोन्ही बाजूंनीं फसवूं शकतो, हें त्यांतून शिकण्यासारखें आहे.

मात्र सहस्रावधि घरांच्या मालकाचा हिशेब एका घराच्या मालकास जशाचा तसा लागू पडत नाहीं. त्या कंपनीचीं शंभरांतील चार घरें रिकामीं पडलीं तर भाडें शेंकडा चारांनीं घटेल. आपल्या गृहस्थांचें एकच घर रिकामें पडलें तर भाडें शून्य होईल. आणि घर कां रिकामें पडेल, हें पुष्कळदां घराबाहेरच्या गोष्टींवर ठरतें. आपल्याच जिल्ह्यांतील परळी वैजनाथ येथें १९७१ सालीं औष्णिक वीजकेंद्र सुरू झालें. पुढें २०१३ सालीं आणि पुन्हां २०१५ सालीं पाण्याच्या दुर्भिक्षामुळें तेथील वीजनिर्मिती थांबवावी लागली. जेथें एकाच कारखान्याच्या किंवा एकाच संस्थेच्या नोकरवर्गावर घरें भरतात, तेथें दुष्काळ नुसता शेतकऱ्याच्या नव्हे, घरमालकाच्याहि दारीं येऊं शकतो.

याची दुसरी बाजू भाडेकरूची आहे. मोकळी शिल्लक हा केवळ मालकाच्या लोभाचा विषय आहे, असें कोणी समजूं नये. मुंबईंत १९४७ च्या कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजींचें भाडें प्रमाण मानून तें जवळजवळ गोठविलें. महागाईच्या दिवसांत गरीब भाडेकरूचें रक्षण करण्याचा हेतु चांगलाच होता. परंतु खर्च वाढत गेला, भाडें जागच्या जागीं राहिलें, आणि दुरुस्तीस पैसाच न उरल्यामुळें जुन्या चाळी खचूं लागल्या. अखेर १९६९ सालीं सरकारास दुरुस्ती मंडळाचा कायदा करून इमारतींवर उपकर बसवावा लागला. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि भाडें गोठविणारीं तीं कलमें काळाच्या ओघांत अवाजवी झालीं आहेत, असा निर्वाळा दिला. स्वस्त भाड्याचें छप्पर ज्याच्या डोक्यावर कोसळतें, तो भाडेकरूच असतो.

मराठवाड्यांत यापूर्वीं १९५४ चा हैदराबादचा भाडेकायदा चालत असे. त्याच्या जागीं १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला व ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. त्या कायद्याखालील भाडेकरूचें भाडें दरसाल शेंकडा ४ नें वाढवितां येतें. ९,००० रुपयांवर ही वाढ महिना ३६० रुपये होते. गवंड्याची मजुरी व सिमेंटचा भाव याहून वेगानें चढला, तर भाडें वाढत असतांहि मोकळी शिल्लक घटत जाईल.

तेव्हां घरावर आयुष्याची पुंजी घालूं इच्छिणाऱ्या कुटुंबानें आधीं वही घेऊन बसावें. अपेक्षित भाड्यांतून रिकामे महिने, पट्ट्या, डागडुजी आणि व्याज वजा करावें. मोठ्या दुरुस्तीचा वर्षाचा हिस्सा दरमहा निराळ्या खात्यांत टाकावा, आणि तो मुलीच्या लग्नासहि काढूं नये. इतकें करून जें उरेल, त्यावर म्हातारा-म्हातारीचें औषधपाणी भागत असेल तर घर अवश्य बांधावें. भागत नसेल, तर कर्ज काढण्यापूर्वींच तें कळलेलें बरें.