नदीचे रांजण

दिल्लीच्या करोल बागेत राहून मुलांना मराठी शिकवणे एक वेळ जमते; पण मराठी मुलखाची नदी शिकवणे फार अवघड. यमुना काही आमच्यापासून लांब नाही. परंतु ती दिसते ती पुलावरून, आणि तीही धावत्या गाडीच्या खिडकीतून. तिला कडा नाही, कपार नाही, कातळ नाही. सपाट मैदानावर अंथरलेल्या जुन्या सतरंजीसारखी ती पडून असते. तेव्हा घळ, डोह, खळगा, धोंड हे शब्द मी नातीला सांगू लागलो की ती ते पाठ करी. पण त्या शब्दांमागे तिच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नसे. एके दिवशी कुकडी नदीचे एक वर्णन मी तिला वाचून दाखवीत होतो. त्यात 'रांजणखळगे' हा शब्द आला. तिने मला थांबवले आणि विचारले, "आजोबा, रांजण म्हणजे काय?"

खळग्याचा अर्थ सांगण्याची तयारी करून मी बसलो होतो, आणि अडलो तो रांजणापाशी! आमच्या शेजारच्या गफ्फार मार्केटात जगातली वाटेल ती वस्तू मिळते असे म्हणतात. रांजण मिळत नाही. इकडचा मटका मी तिला दाखवला आणि म्हटले, याच्या दसपट मोठा, पोटाने विशाल, तोंडाने आखूड, अर्धा जमिनीत पुरलेला. तिने मान हलवली. पण ती समजल्याची नव्हे, मला बरे वाटावे म्हणून हलवलेली मान होती. शिक्षकाचा पेशा केलेल्या माणसाला ही मान ओळखता येते. त्या हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघे झेलम एक्सप्रेसमध्ये बसलो.

या गाडीचा मार्ग नद्यांच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. दुपारी धोलपूर मागे पडले की चंबळ येते आणि तिच्या दोन्ही तीरांवर ते प्रसिद्ध बीहड दिसू लागतात. मराठ्यांच्या फौजांनी ही नदी कितीदा ओलांडली असेल याची गणती नाही. आपल्याकडे बीहड म्हटले की दरोडेखोर आठवतात, पाणी कोणाला आठवत नाही. वास्तविक खरा दरोडा पाण्याचाच आहे. तेथे खडक नाही. नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाची खोल, भुसभुशीत माती आहे. पावसाचे पाणी शेताच्या कडेला एखादी बोटभर चीर पाडते. पुढल्या पावसात तिची घळ होते, घळीला फाटे फुटतात, आणि बघता बघता बांध, झाड, पायवाट सारे आत ओढले जाते. नातीने खिडकीला नाक लावून ते पाहिले आणि विचारले, "हे कोणी खणलं?" मी म्हटले, "पाण्याने. पण हे त्याचे घाईचे काम आहे. सावकाशीचे काम उद्या दाखवतो."

नर्मदा रात्री गेली, तापीच्या वेळी आम्ही झोपेत होतो. मनमाडला गाडी दौंडच्या दिशेने वळली आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन, उघडे माळ व माथा कापल्यासारखे डोंगर दिसू लागले. अहमदनगरला आम्ही उतरलो. त्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. माझ्या जिभेला अजून सवय व्हायची आहे. तेथून पारनेर तालुक्यातल्या निघोजला जायचे. कुकडी नदी जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाच्या परिसरात उगम पावते आणि पुढे घोड नदीला मिळते. निघोजपाशी ती दोन जिल्ह्यांची शीव होऊन वाहते. अलीकडे निघोज, पलीकडे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी. काठावर मळगंगा देवीचे देऊळ आहे. चैत्रात तिची यात्रा भरते. आम्ही गेलो तेव्हा मात्र पौषातला शुकशुकाट होता.

श्रोतेहो, दुरून तेथे काहीच दिसत नाही, हे त्या जागेचे वैशिष्ट्य. डोंगर नाही, कडा नाही. माळावरून चालत जावे आणि एकाएकी पायांखालची जमीन संपून काळ्या कातळाचे एक उघडे पात्र समोर यावे, असे होते. त्या पात्रात शेकडो खळगे आहेत. काही वाटीएवढे, काही परातीएवढे, काही असे की उभा माणूस आत दिसेनासा व्हावा. एकाच्या कुशीला दुसरा लागलेला; दोघांमधली भिंत झिजून पापुद्र्याएवढी उरलेली; कोठे ती फुटून दोन रांजणांचा एक झालेला. अशी रांजणांची माळच्या माळ फुटत गेली की तिचीच खोल, नागमोडी घळ बनते, आणि उन्हाळ्याहिवाळ्यातली कुकडी त्या घळीच्या तळाशी हिरवीगार होऊन मुकाट्याने वाहते. आशियात अशी जागा दुसरी नाही, असे तेथे अभिमानाने सांगतात. मला या क्रमवारीत गोडी वाटत नाही. पहिला क्रमांक नसता तर आम्ही परत फिरलो असतो काय?

हे खळगे होतात कसे, हे सांगायला मला खडू-फळा लागला नाही. एका लहान खळग्यात डोकावलो तर तळाशी चारपाच गुळगुळीत गोटे बसलेले. पुराच्या पाण्यात भोवरा होतो. भोवऱ्यात सापडलेला दगड गरागरा फिरतो. फिरता फिरता खालचा कातळ झिजवतो आणि स्वतःही झिजून गोल होतो. एक दगड झिजून संपला की पूर दुसरा आणून टाकतो. जाते दळते तसेच हे, फक्त येथे पीठ नदी घेऊन जाते. भूगोलात यांना कुंभगर्त असेही नाव आहे. ते शास्त्रशुद्ध असेल; पण ज्याने प्रथम 'रांजण' म्हटले त्याने पाण्याचे भांडे पाण्यानेच घडवलेले पाहिले होते. हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून थरावर थर पसरत गेलेला लाव्हा. नदीने त्यावर काम सुरू केले ते त्यानंतर पुष्कळ काळाने.

नातीने हात घालून एक गोटा बाहेर काढला आणि खिशात ठेवू लागली. मी काही बोलणार तोच ती पाण्याच्या कडेला सरकली. तेवढ्यात मागून करडा आवाज आला, "आवो बाबा, पोरीला मागं घ्या! शेवाळ हाय तितं." एक म्हातारी शेळ्या घेऊन उभी होती. मी मुलीचा दंड धरून तिला ओढले, आणि मग त्या रांजणात नीट पाहिले. वरून गुडघाभर वाटणारे पाणी काळेशार होते. तळ दिसत नव्हता. आणि कडा आतल्या बाजूला वळलेल्या, काचेसारख्या गुळगुळीत. आत गेलेल्याला धरायला बोटभर खाच नाही. पोटाने मोठा, तोंडाने आखूड! रांजणाची मीच सांगितलेली व्याख्या मला तेथे थरकाप होईपर्यंत समजली. म्हातारी म्हणाली, "आत गेलं की गेलं, बाबा. पवणाऱ्याचंबी काय चालत न्हाय." आणि ती शेळ्यांमागे निघून गेली. तिचे आभार मानायचेही मला सुचले नाही, ही रुखरुख अजून आहे.

पुष्कळ वेळ आम्ही देवळाच्या पायरीवर बसून राहिलो. मग नातीने विचारले की हे रांजण अजून मोठे होत आहेत का. प्रश्न चांगला होता. वरच्या अंगाला माणिकडोह आणि येडगाव ही धरणे झाली. पूर्वी जो पूर मोकळा धावत येई, तो बराचसा तेथे अडतो आणि कालव्यांनी पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्याकडच्या कोरड्या रानांत जातो. त्यामुळे नदीची छिन्नी पूर्वीइतकी चालत नसणार. याचे मला वाईट वाटले, हे खोटे कशाला बोलू? पण येताना वाटेत कांद्याची हिरवी शेते पाहिली होती. ज्या मुलखाने दुष्काळ भोगला त्याला, रांजण कोरण्यासाठी पाणी सोडा, असे दिल्लीहून आलेल्या माणसाने सांगणे बरे दिसत नाही. मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या खळग्यांत प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. त्यांना कोणताही भोवरा गोल करणार नाही.

गोटा नातीने आपण होऊन परत ठेवला. ज्या खळग्यातून काढला होता तोच शोधण्यात तिने पाव तास घालवला.

करोल बागेत परतल्यावर आठवड्याने तिने मला रिजवर नेले. आमच्या घरापासून चालत जाण्याजोगी ही जागा. झंडेवालानच्या त्या प्रचंड हनुमानाच्या मूर्तीमागून आत शिरले की फिरोजशाह तुघलकाच्या काळचा भुली भटियारीचा महाल लागतो, आणि भोवती विलायती किकराचे रान. इतकी वर्षे येथे राहून ते खडक मी पाहिले नव्हते; पाहिले होते ते सकाळी फिरायला येणारे लोक. अरवलीची ही शेवटची सोंड. दगड काळा नाही. पांढुरका, तांबूस, कठीण. कोणे एके काळी ती वाळू होती, दाबाने आणि उष्णतेने तिचा क्वार्ट्झाइट झाला. त्याला शंभर कोटींहून अधिक वर्षे झाली.

"म्हणजे सह्याद्रीपेक्षा मोठा?" तिने विचारले.

"वयाने पुष्कळ मोठा."

ती एका खडकावर चढून उभी राहिली. खालून मेट्रो गेली. "आजोबा," ती म्हणाली, "रिजला मराठीत काय म्हणायचं?"

मी सोंड सांगितले, धार सांगितले, कणा सांगितले. तिने तिन्ही शब्द एकेकदा उच्चारून पाहिले, पायाने खडक चाचपला, आणि 'धार' पसंत केला.